बॅटरीची माकडटोपी

२ नोव्हेंबर, सकाळ
इलेक्ट्रिक स्कूटर गंगेच्या घाटाजवळ अचानक मेली. बॅटरी पूर्ण भरलेली, तरी क्षणात सगळं गप्प. ढकलत घरी आणली. कारण मला लगेच कळलं: कार्तिकातलं दव. आमच्या बंगालातल्या चंदननगरात या दिवसांत डोकं उघडं टाकून कुणी बाहेर पडतं का? बॅटरी बिचारी रात्रभर अंगणात. निमाई मिस्त्रीची गरज नाही.

सूनबाई तनिमा म्हणाली, मा, अजून एकदा बंद पडली तर विकून टाकू, टोटो रिक्षाने फिरा. बघू! दशमीला माझ्या शाळेतल्या मैत्रिणीला, बुलबुलला, मागे बसवून जगद्धात्री देवीची विसर्जन मिरवणूक दाखवायची आहे. कॉन्व्हेंटात असताना दोघींनी शपथ घेतली होती. तेव्हा पळून जाताना सिस्टर बर्नाडेटने फाटकातच पकडलं. मिरवणूक झाली की बुलबुल कायमची तिच्या मुलाकडे कॅनडाला चाललीय.

४ नोव्हेंबर
बॅटरीला ह्यांचा मफलर गुंडाळला, वर ह्यांचीच माकडटोपी. सहा वर्षं कपाटात होती, वास अजून ह्यांचा येतो. चार्जिंगही टोपीतच. छान ऊब धरलीय.

६ नोव्हेंबर
मासळी बाजारात स्कूटर बंद. टोपी-मफलर काढून बॅटरीला सर्दीवरचं मोहरीचं तेल चोळलं. मासेवाली म्हणाली, पाठीलाही लावा हो दिदी, सर्दी पाठीतूनच शिरते. समजूतदार बाई. अर्ध्या तासात स्कूटर सुरू! तनिमाला सांगितलं नाही. तिने विचारलंच नाही.

७ नोव्हेंबर
दोनदा बंद, दोनदा तेल. सर्दी जुनाट आहे. ह्यांचा स्वेटरही चढवला, बाह्या मागे बांधल्या.

९ नोव्हेंबर
तनिमा विचारत होती, अख्खी बाटली तेल गेलं कुठे? गुडघ्यांना, म्हटलं. सिस्टर बर्नाडेट, क्षमा.

११ नोव्हेंबर, दशमी
मिरवणूक वळणावर आली आणि स्कूटर रस्त्याच्या मधोमध बंद. बुलबुल मागे. टोटोवाला ओरडला, आजीबाई, देवी तुमच्यासाठी थांबणार का? दोन ढाक-ढोलवाल्यांनी आम्हाला स्कूटरसकट बाजूला सरकवलं. आणि सगळी मिरवणूक आमच्या नाकासमोरून गेली! एकेक देवी, एकेक सिंह. बुलबुलने माझा हात सोडला नाही.

मिरवणुकीत नाचणारा निमाई धावत आला. सीट उचलली. टोपी काढली, मफलर काढला, स्वेटर काढला, हात लावला आणि झटकला. म्हणाला, मासीमा, हिला सर्दी नाही, ताप चढलाय! एवढी तापली की बॅटरी जीव वाचवायला आपणच बंद होते. मी तेलाचं सांगितलं. म्हणाला, तेल चोळायला तुम्ही कपडे उतरवायचात, तेवढ्यात निवायची.

मग पहिल्या दिवशी का बंद पडली, मी विचारलं. त्याने एक वायर चाचपली. प्लग सैल आहे, म्हणाला, आणि बोटाने दाबला.

बुलबुल हसून हसून रडली. निदान मला तरी ती हसतच होती असं वाटलं.

१२ नोव्हेंबर
स्कूटर उघड्या डोक्याने झकास चालते. तनिमाने विकायचा विषय काढला नाही.

मला मात्र सकाळपासून सतरा शिंका. काल माझंच डोकं उघडं होतं. टोपी बॅटरीने घातली होती. तनिमा लसूण घालून मोहरीचं तेल तापवतेय. म्हणते, मा, पाठ इकडे करा.