बांधाखालचा चर

पुणे,
११ जुलै २०२५

प्रिय मंगल आत्या,

नमस्कार. पुण्यात दूध घालून वाडीला परतणाऱ्या अमृतच्या टेम्पोबरोबर हे पत्र पाठवतेय. वैष्णवीकडून वाचून घे. तुझी सून वाचते चांगलं, फक्त घाईत ओळी गाळते. आज एकही गाळू देऊ नकोस. आणि वाचून होईपर्यंत घरात कुणी विहिरीचं पाणी तोंडाला लावू नका.

भातलावणी उरकली का? तू दिलेली नाचणी संपली. माझी भाकरी अजून वाकडीच होते.

परवा फोनवर मी एवढंच म्हणाले की थोडे दिवस ते पाणी पिऊ नकोस. तू हसलीस. "आगं, म्या थांबले तर लोक काय म्हनतील? पोरीचं शिक्षान वाया गेलं म्हनतील." मी फोन ठेवला. तुझा आवाज ऐकला की माझी जीभच उचलत नाही, म्हणून लिहितेय.

हिवाळ्यात वरच्या वळणावर डिझेलचा टँकर कलंडला, तेव्हा वाडीनं मलाच विचारलं. माझं कामच ते. मातीच्या बारीक भोकांतून पाणी, हवा आणि तेल एकमेकांना ढकलत कसं सरकतं, ते कॉम्प्युटरवर गणितानं मांडायचं. मी डोंगर, खाचरं, विहीर सगळं मांडलं आणि सांगितलं, डिझेल वरच्या मुरमातच अडकेल, विहिरीला धोका नाही. वाडीतल्या सावळारामकाकांना ते पटेना. तेव्हा तू सगळ्यांदेखत कळशी ओढलीस. "माजी भाची सांगतीया. ह्ये बघा, म्या पिते," म्हणालीस आणि प्यायलीस. लोकांनी काकांना वेड्यात काढलं.

आता खरं सांगते. पाणी तुंबून बांध फुटू नयेत म्हणून आपल्याकडे खाचराखाली चर खणून दगड भरतात, वर पाला आणि माती. वरच्या खाचरापासून विहिरीकडे उतरणाऱ्या चरात लहानपणी मीही दगड टाकलेत, तुझ्या मागं पाटी घेऊन. तो चर मी गणितात ठेवला नाही. विसरले असते तर बरं होतं. आधी घातला होता, पण तो असला की गणित अडखळायचं, उत्तर निघता निघेना, आणि या गळतीवरची भोरची सरकारी बैठक तोंडावर आली होती. तिथं साहेबांसमोर "अजून सांगता येत नाही" म्हणायची लाज वाटली. मी चर पुसून टाकला आणि सगळीकडे सलग मुरूम दाखवला. गणित लगेच सुटलं. तेव्हा मला मी हुशार वाटले, आत्या.

पाऊस लागल्यावर काका बाटलीत विहिरीचं पाणी घेऊन पुण्याला माझ्याकडे आले. भांडले नाहीत, नुसती बाटली हातात दिली. तपासणीत डिझेल निघालं. मग मी चर परत घातला आणि उत्तर येईपर्यंत हलले नाही. पावसाचं पाणी मुरमातलं डिझेल ढकलत चरात आणतं आणि दगडांच्या फटींतून ते सरळ विहिरीत उतरतं.

वैष्णवी सांगत होती, तुझं पोट हल्ली ठीक नसतं, तरी तू रोज चारचौघींसमोर तेच पाणी पितेस. माझं नाव राहावं म्हणून.

बंद कर ते. देवळामागचा झरा पलीकडच्या डोंगरातून येतो, वाडीनं तिथलं पाणी भरावं. तू आजच वैष्णवीबरोबर भोरला दवाखान्यात जा आणि डिझेलचं पाणी पोटात गेलंय असं स्पष्ट सांग. तपासणीचं सगळं मी सरपंचांना कळवलंय. उद्या पहिल्या एसटीनं येते. आधी काकांच्या पाया पडेन, मग पारावर सगळ्यांना हे माझ्या तोंडानं सांगेन.

लोक मला बोलतील. बोलू देत. तू फक्त मधे उठून माझी बाजू घेऊ नकोस.

तुझ्या विश्वासाला न जागलेली,
प्रांजल