झाराचा लाल शरारा

४ एप्रिल २००४
सावित्रीचा गुडघा कालच्यापेक्षा बरा. लेकाचा, अजिंक्यचा, मुंबईहून फोन — ताप उतरला. शेजारच्या यमुनाबाईंना दम लागतो, पण जिभेला आराम नाही! मी ठणठणीत. आजारी एकटा मॉनिटर! झाराच्या निकाहाची मी शूट केलेली कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली, तर नवरी, काझीसाहेब, बिर्याणीची डेग — सगळ्यांना कावीळ! डोळ्यांत तेल घालून प्रत्येक शॉटमध्ये निळा वाढवत बसलो.

झाराच्या बापाला, मुसाला, कुवेतच्या नोकरीतून रजा मिळाली नाही. पोरीचं लग्न तो बघणार ते या सीडीवरच.

९ एप्रिल
झुबेदाभाभी सीडी घेऊन परत आल्या. दारातूनच सुरू — "विठूभाऊ, हिच्या बापाने चार दुकानं हिंडून लाल कापड पाठवलं. त्याचा शरारा शिवला. तुम्ही तो जांभळा केलात! आणि पोर माझी समुद्रातून काढल्यासारखी निळी!"

म्हटलं, तुमचा टीव्ही बिघडला असेल. तर आमच्याच टीव्हीवर लावायला लावली. मला लाल दिसतोय. स्वयंपाकघरातून सावित्री — "जांभळाच आहे हो." घरचा भेदी!

भाभींचा भाचा तहा वीस तारखेला कुवेतला निघतोय. सीडी त्याच्याबरोबरच जायची. अकरा दिवस!

१० एप्रिल
मॉनिटर बदलायचाच. सपाट एलसीडी आपल्या खिशाला नाही. सतरा इंची डबाच, तोही वापरलेला. दोन दुकानं झाली. दोन्हीकडे पिवळे! वर दुकानदार म्हणतो, "काका, लग्नाच्या कामाला एवढं कशाला बघता?"

लग्नाच्या कामालाच बघायचं, गाढवा! सिनेमा पुन्हा काढता येतो.

१२ एप्रिल
सावित्री म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." जेवलो नाही!
(नंतर जेवलो. बांगडा होता.)

१५ एप्रिल
मारुती मंदिरापाशी यासीनचं दुकान. त्याने नवाकोरा मॉनिटर खोक्यातून काढून लावला, पडदाभर पांढरा केला. मी म्हटलं, हाही पिवळा! तो हसला — "काका, माझा शर्ट कोणत्या रंगाचा दिसतो?" माझं डोकंच फिरलं, तोंडाला येईल ते बोललो. थट्टा करतो मेला! शर्ट पिवळटच होता.

उकाडा मरणाचा. घाम उजव्या डोळ्यात गेला म्हणून हाताने तो डोळा झाकला. पडदा बराच पांढरा झाला! हात डाव्यावर नेला — जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळा. भिंत तशीच. यासीनचा शर्टही तसाच.

मॉनिटर न घेताच निघून आलो. पोराला उगाच टाकून बोललो होतो.

१९ एप्रिल
सोळालाच डॉक्टरांना डोळे दाखवले. मोतीबिंदू. उजवा पिकलाय, डाव्यात सुरुवात. गेल्या मोसमातल्या नवऱ्या आठवल्या — त्याही निळ्याच गेल्या असणार, बिचाऱ्या कुणीच बोलल्या नाहीत. मॉनिटर जुनाच ठेवला. तीन दिवस सावित्री गुडघा धरून शेजारी बसली. मी रंग फिरवायचा, तिने सांगायचं — "अजून... अजून... हां, आता लाल." मला नारिंगी दिसत होता. थांबलो.

सीडीच्या पाकिटात चिठ्ठी घातली — मुसा, कापड तूच निवडलंस, तूच ओळखशील. बघितलंस की लगेच कळव.