बाळंतपणाचा मंडप

तीर्थरूप अक्का,

नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, आम्ही सगळे जिवंत आहोत. (दीड वर्षानंतर धाकट्या भावाचं अक्षर दिसलं की माणूस आधी तेच शोधणार, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून मोकळा झालो.) तुझे गुडघे कसे आहेत? निवृत्त झाल्यापासून घरात बसतेस, की अजून शेजारपाजारच्या बायका बाळंतपणासाठी रात्री-अपरात्री कडी वाजवतातच? माझी तब्येत बरी आहे. साखर वर गेली आहे, कान खाली आले आहेत, बाकी सगळं जागच्या जागी आहे.

तर तुझी भाची माहेरी आली आहे. तिला पुन्हा दिवस गेलेत, आठवा लागला. तुला कळवलं नाही याचा राग मानू नकोस, तिनंच बजावलं होतं. जावई बोटीवर इंजिनात, ते नववा लागल्यावर येणार. तिची आई असती तर हे पत्र तिनं लिहिलं असतं आणि अर्ध्या पानात आटोपलं असतं. पण ती जाऊन सहा वर्षं झाली, आणि मला मुद्द्यावर यायला किती वेळ लागतो ते तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

त्या दिवशी आम्ही दोघं मागच्या अंगणात शेंगा सोलत बसलो होतो. ती शेंगेकडे बघतच म्हणाली, "बाबा, मी बाहेर बाळंत व्हायचा विचार करतेय." मला वाटलं बाहेर म्हणजे दुसऱ्या गावच्या दवाखान्यात. मी म्हटलं, चांगलं आहे, गाडी सांगून ठेवू. तर म्हणाली, "तसं नाही. इथे. या पेरूखाली." आता अक्का, दुसऱ्या कुठल्याही बापानं अशा वेळी काही शहाणपणाचं विचारलं असतं. पण मी तीस वर्षं मंडप घालतोय. कुणी अंगणात काही करायचं म्हटलं की माझ्या तोंडून एकच प्रश्न बाहेर पडतो, आणि तोच पडला. मी विचारलं, "खुर्च्या किती लागतील?"

ती हसली. नीट हसली, शेंगा मांडीवरून सांडेपर्यंत. मागच्या वेळी त्या दवाखान्यातून आल्यापासून मी तिला हसताना पाहिलंच नव्हतं, आणि त्या हसण्यानं माझी अक्कल कुठे गेली ते मला सांगता येणार नाही. शेंगा गोळा करून होईपर्यंत मी मंडपाला हो म्हणून बसलो होतो. (फक्त मंडपाला, बाळंतपणाला नाही. पण हा फरक मी तेव्हा तिला सांगितला नाही.)

दुसऱ्या दिवशी सकाळी माप घेतलं. बारा बाय पंधरा, मध्ये एक उंच खांब, चारी बाजूंनी कनात, म्हणजे शेजारच्या गच्चीवरून कुणाला दिसायला नको. इथे पहिली अडचण आली. लग्नसराई जोरात, त्यामुळे रंगीत कापड एकूण एक बाहेर गेलेलं. गोदामात उरलं होतं ते पांढरं. पांढरं आम्ही शोकसभांना देतो. मी विचार केला, आपल्याच अंगणात कोण बघायला येतंय, आणि तेच बांधायला घेतलं.

समोरचे निवृत्त हेडमास्तर बघायला आले. फाटकातून पांढरं कापड दिसलं आणि दारात सुजलेल्या डोळ्यांनी तुझी भाची उभी. (तिचे डोळे हल्ली सकाळी तसेच असतात.) मास्तरांनी चपला काढल्या, हात जोडले आणि माझ्याविषयी पाच मिनिटं बोलले. मी आत खांबाला दोर बांधत होतो, मला सगळं ऐकू येत होतं. माणूस साधा होता, म्हणाले. शब्दाचा पक्का, खुर्च्या वेळेवर पाठवायचा. त्यांना मधे थांबवायला हिची जीभ वळेना, कारण ती तोंडात पदर कोंबून हसू आवरत होती आणि मास्तरांना ते रडणं वाटत होतं. शेवटी मीच हातोडा घेऊन बाहेर आलो. मास्तरांना आनंद व्हायला हवा होता, पण ते दुखावले. म्हणाले, "निदान आधी सांगायचं तरी. मी दोन गल्ल्यांत कळवून आलो." दुपारपर्यंत सतरा माणसं येऊन गेली. प्रत्येकाला चहा द्यावा लागला, आणि प्रत्येकाला मी का मेलो नाही हे समजावून सांगावं लागलं.

आता खरी गोष्ट. दर आठवड्याला तपासायला एक सिस्टर येते. बुटकी, तोंडानं फटकळ, हातानं मऊ. (वीस वर्षांपूर्वीची तू, पण उंची कमी.) तिनं मंडप बघितला, खुर्ची ओढली आणि तुझ्या भाचीसमोरच मला ओळीनं विचारायला लागली. गरम पाणी कुठून आणणार? उजेड किती? रक्त थांबलं नाही तर गाडी यायला किती वेळ? मी म्हटलं, चाळीस मिनिटं. ती म्हणाली, "चाळीस मिनिटांत काय काय होतं माहितीये?" मी उत्तर देणार तेवढ्यात वारा आला. कापड फुगलं, मधला खांब हलला, आणि तीस वर्षांत जे कधी घडलं नाही ते माझ्याच अंगणात घडलं. सगळा मंडप आमच्या तिघांवर बसला. कुणाला लागलं नाही. खांब खुर्च्यांवर टेकला आणि आम्ही पांढऱ्या कापडाखाली आपापल्या जागी अडकलो. सिस्टरचा आवाज आला, "आणि बाळाचं डोकं दिसत असताना हे झालं तर?"

मी कापड बाजूला सारायला लागलो. पण तुझी भाची बोलायला लागली, म्हणून थांबलो. तोंड दिसत नव्हतं, फक्त आवाज येत होता. कदाचित म्हणूनच ती बोलू शकली. म्हणाली, "सिस्टर, मला कळतं सगळं. मी अडाणी नाही. पण मागच्या वेळी बाळ रडलं नाही. सगळे कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेले, माझ्याकडे पाठ करून. मग आत्या त्याला घेऊन बाहेर गेली आणि दार लागलं. दार उघडलं तेव्हा तिच्या हातात काही नव्हतं. अंगणाला दार नाही. इथून कुणी नेलं तर निदान मला दिसेल तरी."

अक्का, तिनं तुझं नाव घेतलं आणि मी कापडाखाली गप्प बसून राहिलो.

 सिस्टर म्हणाली, "दवाखान्यात मी असेन. दार उघडं ठेवीन, पडदा लावू. आणि काहीही झालं, काहीही, तरी बाळ आधी तुझ्या हातात देईन. हे मी तुला आत्ता सांगतेय, तुझे बाबा साक्षीला आहेत." मग तिनंच कापड वर उचललं आणि केस नीट करत पुढच्या घरी गेली.

तुझी भाची दोन दिवस विचार करत होती. परवा म्हणाली, दवाखान्यात जाईन. कळा सुरू झाल्या की सिस्टर सांगेल तोपर्यंत अंगणात फेऱ्या घालणार, मग गाडी. मी भाड्याची गाडी आत्तापासूनच दारात आणून तोंड रस्त्याकडे करून लावली आहे. मंडप उतरवला. जावयांना सगळं कळवलं. असं सगळं सुखरूप पार पडलं. तू काळजी करू नकोस.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. मास्तर अजून माझ्याशी बोलत नाहीत. समोरून आले की मी गेलोच आहे असं समजून पुढे जातात.

ता. क. दुसरा. सगळं सुखरूप पार पडलं असं वर लिहिलं, ते खोटं आहे. काल जेवताना मी तिला सांगितलं. दाराबाहेर तुझी वाट अडवून मीच उभा होतो, हे. तू म्हणत होतीस, बाळ त्याच्या आईला बघू दे, तिचा हक्क आहे. मीच हात जोडून म्हटलं, दाखवू नकोस, ती वेडी होईल. तू माझं ऐकलंस, बोल मात्र तू घेतलास, आणि मी दीड वर्षं तुला तो घेऊ दिला. तुझ्याशी बोलणं तिनं तोडलं तेव्हाही मी जेवत होतो, झोपत होतो, खुर्च्या मोजत होतो. तिनं ताट बाजूला सारलं आणि उठून गेली. रडली असती तर बरं झालं असतं.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच. आज सकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "बाळ कसं होतं ते आत्याला विचारा." मला काय माहीत? मी बघितलंच नाही, अक्का. मी भिंतीकडे तोंड करून सही केली. मुलगी होती, एवढंच कागदावर वाचलं. पुसून, गुंडाळून तूच घेतलं होतंस, थोडा वेळ का होईना मांडीवर तूच ठेवलं होतंस. तेव्हा लिही. माझ्या नावानं नको, तिच्या नावानं. जावळ होतं का, रंग कुणाचा, डोळे मिटलेले होते की थोडे उघडे. मन सांभाळून काही गाळू नकोस, ते काम मी एकदा करून बसलोय. आणि बोटांचं नक्की लिही. बोटांचं तिनं दोनदा विचारलं.