पिसांचा वाटा

३ जानेवारी
पशुवैद्यक कचेरीने पाठवलं, आज पोचले. गाव पाहताक्षणी आवडलं! गिझी मावशीने दारातच जर्दाळूच्या दारूचा पेला हातात दिला. शहरची डॉक्टरीण म्हणजे नुसती काडी, आधी खाऊन घे, मग आमचे हंस मोज, म्हणाली. नोव्हेंबरात बर्ड फ्लूमुळे गावातल्या सातही शेडमधले हंस मारावे लागले. आता धुतलेल्या प्रत्येक शेडमध्ये चाचणीचे दहा हंस आहेत. ते एकवीस दिवस जगले, की नवी पिल्लं भरायला परवानगी. इथे दुसरा धंदाच नाही. मावशीने खाटेवर नवीकोरी पिसांची रजई घातलीय. फार ऊब आहे.

९ जानेवारी
हंस ठणठणीत. रोज सकाळी मावशीच्या शेडपासून सुरुवात करून सातही शेड बघते. दरवेळी बूट औषधात बुडवते, म्हणून शेजारच्या शेडचा डेनेश चिडवतो, बाई शेडमध्ये निघाल्या की चर्चमध्ये, पवित्र पाण्यात बोटं बुडवायला?

१४ जानेवारी
मावशीच्या शेडमध्ये एक हंस मान वाकडी करून पडला होता. दुपारपर्यंत चार गेले. मावशी एप्रनने डोळे पुसत एकेकाला पोत्यात भरत होती.

१७ जानेवारी
डेनेशची शेड गेली. मग तिसरी, चौथी. वाऱ्याने येतोय, असं डेनेश म्हणतो. वारा असा ओळीने घरं घेत नाही. ही ओळ माझ्या फेरीची आहे.

१८ जानेवारी
माझ्या स्वेटरला पीस. मावशीला विचारलं. आधी उडवून लावलं, मग रडली. मारलेल्या हंसांची पिसं पुरायची होती. तिने पोती माळ्यावर ठेवली. घरच्या पिसांची रजई नसेल तर नात सासरी कोणत्या तोंडाने जाईल, म्हणते. पिसं कधी आजारी पडतात का, हेही मलाच विचारते. थंडीत विषाणू पिसांत महिनोन्महिने टिकतो. पहिली रजई माझ्या खाटेवर. मीच नेला. सगळीकडे मीच.

२० जानेवारी
ताप. धाप लागते. पोती जाळा म्हटलं — मावशीने मान डोलावली. कचेरीतले उद्या येतो म्हणाले.

२१ जानेवारी, दुपार
खाली बायका जमल्यात. पिसांच्या दांड्यांवरून मऊ भाग सोलून काढताहेत, हसताहेत. जाळायच्या आधी चांगली तेवढी काढून घेऊ, असं मावशी म्हणतेय. पलीकडच्या गावच्या तिच्या बहिणीही आल्यात — तिथे रोग नाही — तिथे चाळीस हजार हंस —

पिशव्या भरल्या. प्रत्येकीला वाटा.

खिडकी उघडली. घशातून आवाज फुटत नाही. त्यांनी वर पाहिलं, हात हलवला, लवकर बरी हो म्हणाल्या — फाटक उघडलं — कुणीतरी त्यांना —