सांगणाऱ्याचा गुन्हा

बाबा, उद्या सकाळी अकरा वाजता मला पोलीस ठाण्यात जबाब द्यायला जायचं आहे. नोटिशीत शब्द आहे ‘अपप्रेरणा’. कोर्टाच्या आवारात टाइपरायटर मांडून तुम्ही आयुष्यभर लोकांचे अर्ज लिहिले, तेव्हा हा शब्द तुमच्या बोटांखालून कितीदा तरी गेला असेल. कलमांचे आकडे आता बदललेत. तुम्हांला पाठ असलेले आकडे आज चालायचे नाहीत, पण अर्थ तोच आहे. गुन्ह्याला चिथावणी देणं, त्यासाठी कटात सामील होणं, जाणूनबुजून मदत करणं, यातलं एक जरी केलं तरी पुरे. काही देशांत तर ‘गुन्हा कर’ म्हणून नुसती गळ घालणं हाच वेगळा गुन्हा मानतात. आपल्याकडे तो चिथावणीच्या पोटात येतो. दोन दिवस मी हेच वाचते आहे.

मला तुमचा डबा घेऊन आलेली मी आठवते, बारा वर्षांची. तुमच्या टेबलाशी नरखेडकडचा एक बागाईतदार उभा आहे. त्यानं आपल्या गड्याला शेजाऱ्याची संत्र्याची कलमं कापायला सांगितलं होतं. गड्यानं कापली तर नाहीतच, उलट जाऊन शेजाऱ्याला सांगून दिलं. “एक पान नाही तुटलं ना जी, मंग गुन्हा कायचा?” तो ओरडतो. तुम्ही टाइप करता करताच म्हणता, “झाड नाही तुटलं गा. पण तू सांगतलं ना? तुह्यं काम तिथंच पुरं झालं.” घरी येताना मी तुमच्याशी भांडले होते, नुसतं बोलणं म्हणजे हवा. तुम्ही हसलात. “हवा असती तं लोक भाषण आयकाले कायले आले असते वं?”

पुढे कॉलेजात माझ्या भाषणानंतर पोरांनी ऑफिसच्या काचा फोडल्या, त्यातल्या तिघांना काढून टाकलं. मी घरी पोहे खात होते. “त्यायचं वर्ष गेलं, अन् तू पोहे खाऊन राहिली,” एवढंच बोलून तुम्ही उठलात. मी म्हटलं, मी फोडा म्हटलं नव्हतं. ते खरंच होतं, बाबा. या वेळी मला तेही म्हणता येत नाही.

मनीषनगरच्या पलीकडे एका वस्तीत शाळेच्या भिंतीला लागून दारूचं दुकान उघडलं. बायांनी अर्ज दिले, उंबरठे झिजवले. मग सभा झाली, मी बोलले, आणि जे बोलले त्यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही. लेकरांच्या वाटेवर बाटल्या विकणाऱ्याला कायदा हात लावत नसेल, तर लोकांनी गप्प बसावं असं मला आजही वाटत नाही. सभेची चित्रफीत पोलिसांकडे आहे, तिची मला भीती नाही. तिच्यात ‘तोडा’ असं कुठे नाही. पण मी मंचावरून उतरले तेव्हा शिवणकाम करणारी एक बाई जवळ आली. तिचा नवरा त्याच दुकानात पडून असतो. हळूच म्हणाली, “ताई, घरी सब्बल आहे. उद्या सकाळी शटर तोडून टाकू का?” लोक माझ्याभोवती होते, टाळ्या अजून कानात होत्या. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, “अशी कामं विचारून करतात का?”

सकाळी तिनं शटरला ती लोखंडी पहार लावली. म्हातारा चौकीदार मधे आला, त्याचं मनगट मोडलं. मला आधी फक्त शटर तुटल्याचं कळलं होतं, आणि बाबा, तेव्हा मी खूश झाले होते.

काल ती जामिनावर सुटली. मी तिच्याकडे गेले, ते तिनं खरं सांगावं हे सांगायला. मशीनवरचे कपडे बाजूला सारून तिनं मला बसवलं. “मी सायबाले सांगतलं, मले कोणी काही म्हटलं नाही. माह्याच डोक्यात आलं. तुम्ही काळजी करू नका. तुम्हीच अंदर गेल्या तं आमच्यासाठी बोलन कोण?” तिची पोरगी दारात उभी राहून माझ्याकडे टक लावून पाहत होती. मोठ्या सभेत मला शब्द कमी पडत नाहीत, तिथे माझ्या तोंडून एकच निघाला.

उद्या काय सांगणार ते तुम्हांला कळवावं म्हणून लिहायला बसले. ते अजून ठरलेलं नाही. ठरलं असतं तरी, तुम्ही गेल्यावर आता हे कागद कुणाच्या पत्त्यावर टाकणार? एवढंच सांगते, तिनं सगळं स्वतःवर घेतलं, आणि मी तिला “बरं” म्हटलं.