अर्धी गिरकी

२ डिसेंबर
वही आणून बरेच दिवस झाले. पहिल्या पानावर फक्त पेन चालतं का बघायला मारलेल्या रेघा. वस्ताद गेले त्या दिवशी लिहिणार होतो. मग दहाव्याला, मग तेराव्याला. दर वेळी दुसरंच काहीतरी निघालं. काल लिहायला बसलो आणि सायकलची चेन साफ करून उठलो.
रडू आलेलं नाही. लोक विचारतात जेवलास का. जेवतो. चवही लागते.

५ डिसेंबर
सावेडीत गच्चीवर लाठीचा वर्ग पुन्हा सुरू. वर्षाताईनं (वस्तादांचीच शिष्या, पुढे व.ता.) पवित्रे घेतले. मी पाण्याच्या टाकीला टेकून.
स्पर्धेचा फॉर्म आलाय. त्यात शैलीचं नाव लिहायचा रकाना. आजवर आम्ही तिथे आडवी रेघ मारायचो. वस्तादांची रीत: वस्ताद हयात असेपर्यंत आखाड्याला नाव नाही. गेल्यावर एका शिष्यानं सगळ्यांसमोर पहिली गिरकी घ्यायची आणि नाव सांगायचं. मग आखाडा त्याचा. म्हणजे त्यानं कुठे जायचं नाही.
"सच्या, तूच जुना आहेस."
"ताई, तू दे ना."
"माझं लग्न ठरतंय. मी कुठे असेन मलाच माहीत नाही. तू फक्त पळून जाऊ नकोस."
किती कामं धरली, किती सोडली. हा वर्ग तेवढा सोडला नाही, कारण तो कधी माझ्या गळ्यात पडला नव्हता.

६ डिसेंबर
आमची गिरकी अर्ध्यावर थांबते. अंग निम्मं फिरलं की पाय रोवायचा आणि काठी उलटी आणायची. मागच्या स्पर्धेत पंच म्हणाले, ही कुठली शैली? व.ता. म्हणाली, आमचीच.
तिनं नाव सुचवलंय: अर्धफेर.
"एसटीचं हाफ तिकीट वाटतं," मी म्हणालो.
"मग अकोल्याला जा, नामदेवभाऊंना विचार."
भाऊ वस्तादांचे पहिले शिष्य. फार पूर्वी भांडून फुटले. तिकडे, संगमनेरच्या पुढच्या अकोल्यात, त्यांचा वेगळा आखाडा. उद्या निघतो.

९ डिसेंबर
निघालो अकोल्याला, आहे हिवरे बाजारात. दुधाच्या टेम्पोवर ओळखीचा पोरगा भेटला, चल म्हणाला, चढलो. दोन दिवस म्हशींना पाणी पाजतोय. त्याच्या आईनं विचारलं, "इकडं काय काम काढलं, बाबा?" मी पुढची बादली उचलली.

१२ डिसेंबर
अकोल्याच्या पुढे डोंगराकडे. भात काढलेल्या खाचरात वर्ग भरलेला. बांधावर भाऊ, खुर्चीत. मागे बोर्ड: मूळ लाठी आखाडा.
"मूळ म्हणजे?"
"मूळ म्हंजी मूळ. तुमी फांदी."
त्यांचा एक चेला फुटून संगमनेरला गेलाय. त्यानं नाव ठेवलंय 'अस्सल मूळ'. मी हसलो. भाऊ हसले नाहीत.
मग म्हणालो, "भाऊ, आमच्या आखाड्याला नाव द्यायचंय."
ते खुर्चीत पुढे वाकले. "नाव? कवा गेला?"
मला वाटत होतं त्यांना कळलं असणार. निरोप देणं माझ्याकडे होतं. व.ता.नं त्याच दिवशी नंबर दिला होता. उद्या करतो, उद्या करतो. दहावा झाला, तेरावा झाला.
काय बोललो आठवत नाही. बहुतेक तारीख सांगितली.
मग त्यांनी एका मुलीला हाक मारली. "दाव गं याला." तिनं पूर्ण गिरकी घेतली. काठी दिसलीच नाही, नुसता आवाज.
"ही तुज्या वस्तादाची. त्यानंच मला दिली. मंग ट्रकवरून पडला, गुडगा गेला. तवापासून अर्ध्यात थांबाय लागला. तुमी शैली न्हाई शिकला, त्याचा गुडगा शिकला."
"मग तोंडी का नाही सांगितलं आम्हाला?"
"मी तेच म्हनलो. तोंडानं सांग, पोरं करत्याल. तर म्हनला, जे मला करून दावता येत न्हाई ते मी शिकवनार न्हाई. लई भांडलो. काठी उचलली आन् निगालो."
पहिल्या गिरकीला या म्हणालो.
"त्या गच्चीवर पाय ठेवनार न्हाई. तवाच सांगितलंय त्याला."

१३ डिसेंबर
परतीची एसटी. खिडकीची काच बंद होत नाही.
एक लक्षात आलं. भाऊ खुर्चीतून एकदाही उठले नाहीत. चहा त्या मुलीनंच आणला. मी पाया पडलो तेव्हाही बसूनच.

१६ डिसेंबर
दुपारी गच्चीवर कोणी नव्हतं. पूर्ण गिरकी करून बघितली. पहिल्याच झटक्यात आली. माझे गुडघे चांगले आहेत. एवढी वर्षं अर्ध्यावर थांबायला शिकलो, तेच जास्त अवघड होतं. खाली बसलो. काहीच वाटलं नाही. टाकी भरून वाहत होती, मोटार बंद केली.
व.ता.ला सगळं सांगितलं. निरोपाचंही. तिनं टाकीचं झाकण लावलं.
मग, "वर्गातल्या पोरींना आता सांगू, की तुम्ही चुकीचं शिकलात?"
"चुकीचं नाही. गुडघा."
"मग नाव काय देणार?"
"अस्सल अस्सल मूळ."
"सच्या, थोबाडीत खाशील."

२१ डिसेंबर
सकाळ. आज पहिली गिरकी. गच्चीच्या दारामागे बसून लिहितोय. सगळे रांगेत बसलेत, वस्तादांची काठी मध्ये ठेवलीय. फॉर्म माझ्या खिशात, रकाना कोरा. पूर्ण घेऊ की अर्धी, अजून ठरत नाही. पूर्ण घेतली तर त्यांनी शिकवलेलं मोडतं. अर्धी घेतली तर त्यांना जे येत होतं ते पुसतं. सॅक भरून सोबत आणलीय. ती का आणली विचारू नका.
व.ता. खालून वर आली. "जिन्यात कोणीतरी आलंय. एकेका पायरीवर थांबतायत. हात देऊ का म्हटलं तर ओरडले. कुठून आलात विचारलं, अकोल्याहून म्हणाले."
वाकून बघितलं. नामदेवभाऊच. आखाड्यातली लाठी कोणी टेकून चालत नाही. ते टेकून चढतायत, एक गुडघा न वाकवता. दुसऱ्या मजल्यावर पोचलेत, अजून एक मजला आहे.