ओरोझालीचा वाडगा

जोलबुलाक,
दि. ४ मार्च

चि. नुरझात हिस,
सादिरकुल मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मेंढ्या विऊ लागल्यात, झोपेचं खोबरं झालंय. फोन केला नाही, कारण आमच्याकडे टेकडीवर चढून ओरडावं लागतं आणि निम्मं गाव कान देऊन ऐकतं. म्हणून मिनीबसवाल्याबरोबर हे पत्र. पाकीट उघडलेलं दिसलं तर लगेच कळव.

तुझ्या बातमामामीला मेंढ्यांपासून येणारा तो ताप पुन्हा आलाय. सांधे धरतात, घामाने उशी भिजते. गावात आम्ही बरेच जण तसेच. तालुक्याच्या दवाखान्यातल्या सैरागुल डॉक्टरीणबाई आल्या आणि नव्या औषधाची चाचणी आहे म्हणाल्या. जुन्या गोळ्या सगळ्यांना मिळतीलच, जोडीला रोज एक नवी. आम्ही दोघांनी सह्या केल्या. त्या करताना बाईंनी सांगितलं की निम्म्यांच्या डब्यात खरं औषध आणि निम्म्यांच्या डब्यात नुसतं पीठ! कुणाला काय मिळालं ते त्यांनाही ठाऊक नाही म्हणे. रश्शात काय घातलं ते रांधणारीलाच ठाऊक नाही, असं कधी झालंय?

आमच्या गावचा ओरोझाली बाईंच्या सासरच्या नात्यातला. त्याचा ताप उतरला. बातमाचा नाही. आता तूच काय ते समज.

तू औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्यात आहेस. जरा डोकावून बघ, बातमाच्या डब्यात काय आहे ते. मी कुणाजवळ बोलणार नाही, ओरोझालीजवळ तर मुळीच नाही.

डोकं झाकून फिरत जा. आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा,
सादिरकुलमामा


बिश्केक,
दि. ९ मार्च

ती. मामांस,
नुरझातचा सलाम. वि. वि.

पाकीट कुणी उघडलं नव्हतं. तुम्ही इतकी चिकटपट्टी लावली होती की मलाच सुरी घ्यावी लागली. आईला सांगितलं, तर ती म्हणाली की दादा लहानपणी आईच्या हातचं दूधसुद्धा हुंगल्याशिवाय पीत नसे.

डब्यात काय आहे ते मला कळायची सोय नाही, आणि कळलं तरी मी सांगणार नाही. ते मोहोरबंद असतं. सैरागुलबाईंना ठाऊक असतं, तर खरी गोळी घेणाऱ्याकडे त्या वेगळ्या नजरेने बघतील आणि तुम्ही चेहऱ्यावरून ओळखाल. मेंढीच्या चेहऱ्यावरून ओळखता, तिथे बाईंचं काय! आणि निम्म्यांना पीठ दिल्याशिवाय ताप नव्या गोळीने उतरला की जुन्यांनी, हे ठरवायचं कसं? कुणाच्या जिवावर बेतलं तरच मोहोर फोडतात.

नव्या औषधाने कधीकधी काळीज, म्हणजे यकृत, सुजतं; मामींचे डोळे पिवळे दिसले तर मात्र एक दिवस थांबू नका, दवाखान्यात न्या.

दोघांनी जपून राहा, आणि मला वरचेवर लिहीत जा.
तुमची,
नुरझात


जोलबुलाक,
दि. २८ मार्च

चि. नुरझात हिस,
मामाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र ओरोझालीला वाचून दाखवलं. त्यालाही ते पटलं नाही. तो म्हणाला, एका बकऱ्याचं मांस शिजलं की म्हाताऱ्यापासून सुनेपर्यंत प्रत्येकाला वाटा मिळतो, मग औषधातच असा पंक्तिभेद कशाला? आधी आम्ही गोळ्या चाटून पाहिल्या. सगळ्या कडूच. पीठसुद्धा कडू करून ठेवलंय, केवढा हा कावेबाजपणा! मग सगळ्यांनी आपापले डबे ओरोझालीच्या लाकडी वाडग्यात रिकामे केले. आता रोज सकाळी तिथे जमतो. तो डोळे मिटून कालवतो आणि वयाच्या क्रमाने एकेक वाटतो. कधी ना कधी प्रत्येकाच्या वाट्याला खरी येणारच. बाईंना पत्ता नाही.

बायका तिथे बसत नाहीत, म्हणून बातमाचा वाटा मी आणतो. माझाही तिलाच देतो. मेजवानीतलं मांस घरच्यांसाठी रुमालात बांधून आणायचं, तसलंच हे केशिक. दोन्ही तिच्याच वाट्याच्या आणि मी माझी तिथेच खाऊन येतो, अशी तिची समजूत आहे.

पण पोरी, परवा तिचे डोळे पिवळे झाले. तू लिहिलं होतंस म्हणून लगेच दवाखान्यात नेलं. बाईंनी मोहोर फोडली. बातमाच्या डब्यात पीठ निघालं! मी म्हटलं नव्हतं? बाई म्हणतात, औषध पोटात गेलंच नाही तर कावीळ त्याने होणार कशी. त्या दुसरंच काही शोधतायत, तिने कुठला पाला खाल्ला का विचारतायत. मला तर त्या पिठाचाच संशय आहे. निदान आता तरी खरं औषध पोटात जावं म्हणून भेटायला जाताना दोन्ही गोळ्या रुमालातून नेतो. नर्सला दिसत नाही.

तिच्यासाठी दुआ कर. आम्हाला विसरू नकोस.
तुझा,
सादिरकुलमामा


बिश्केक,
दि. ३० मार्च

ती. मामांस,
सलाम. वि. वि.

मामा, तो रुमाल घेऊन तिच्याजवळ जाऊ नका. सैरागुलबाईंना फोन केलाय, मामींच्या तोंडात आता बाहेरची गोळी जाणार नाही. वाडग्यातली कुठली खरी, कुठली खोटी, ते कुणालाच ठाऊक नाही. तुम्ही मामींना दिवसाला दोन दिल्यात. काही दिवस दोन्ही खऱ्या निघाल्या असतील.

पण वाडग्यातून कुणी कुणी खाल्लं, ते तुम्हीच सांगू शकता. त्यांचीही काळजं आतून सुजत असतील. माझं ऐकीव बोलणं पुरावा ठरत नाही, आणि तुम्ही गप्प बसलात तर कागदावर चढेल की पीठ खाणाऱ्या बाईलासुद्धा कावीळ झाली, म्हणजे औषध निर्दोष आहे. तो कागद आमच्याच टेबलावर येणार. त्यावर भरवसा ठेवून आम्ही ते औषध सगळ्या देशाला द्यायचं का?

रागावणार आहे, पण नंतर. आज उठा आणि जा.
तुमचीच,
नुरझात


जोलबुलाक,
दि. २१ एप्रिल

चि. नुरझात हिस,
मामाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा सगळे ओरोझालीकडे वाट्यासाठी बसले होते. मी सांगितलं की बाईंकडे जाऊन सगळं बोलणार. कुणी म्हणालं, एका बायकोच्या डोळ्यांपायी गावाचं औषध घालवतोस. ओरोझाली म्हणाला, त्याचा ताप गेलाय, तो गोळी सोडणार नाही आणि मला पुन्हा उंबरठा ओलांडू देणार नाही. मी वाडगा उचलला, कोटाखाली धरला आणि मिनीबसमध्ये बसलो. वाटेत प्रत्येक वळणाला गोळ्या खुळखुळत होत्या आणि सगळे माझ्या पोटाकडे बघत होते.

बाईंनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वाडगा कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि नावं विचारली. मी एकूण एक सांगितली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं रक्त नेलं. ओरोझालीचं काळीज सुजू लागलं होतं. बाई म्हणाल्या, आणखी थोडे दिवस गेले असते तर अवघड होतं. आमचं गाव चाचणीतून काढलं. बातमाची कावीळ औषधाने झाली असावी, असं त्यांनी लिहून पाठवलंय. त्यात नाव नसतं म्हणे, नुसता आकडा. तुझ्या टेबलावर आला तर तेवढा जपून वाच.

ओरोझाली रस्त्यात तोंड फिरवतो. त्याच्या बायकोने मात्र मागच्या दाराने साय पाठवली. मी हुंगली आणि खाल्ली.

बातमा घरी आली. माझ्या वाट्याच्या गोळ्याही तिनेच खाल्ल्या, हे तिला बाईंकडून कळलंय. डोळे पांढरे झालेत. ताप अजून अधूनमधून असतो, जुन्या गोळ्या चालू आहेत. काल एका बारशाला गेलो होतो, तिथलं मांस रुमालात बांधून आणलं. तिने गाठ सोडली, मांसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. विचारलं, स्वतः जेवून आलास की नाही. मी हो म्हणालो. तिने सुरी घेतली, तुकड्याचे दोन केले, एक माझ्यापुढे ठेवला. मी गिळेपर्यंत तिने आपल्या तुकड्याला हात लावला नाही. नंतर मला तोंड उघडून दाखवायला लावलं.

आता रागावायला हरकत नाही. रागावून झालं की पत्र लिही, आम्ही दोघं वाट बघतो.
तुझा,
सादिरकुलमामा